उतरतानाची ती दोन मिनिटे वैमानिकाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रशिक्षणाचे एखादे छोटे विमान धावपट्टीवरून घसरले, नाकावर आदळले किंवा मैदानालगतच्या शेतात पडले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन ठरलेली कारणे वाचायला मिळतात. एक ‘तांत्रिक बिघाड’ आणि दुसरे ‘वैमानिकाचे नियंत्रण सुटले’. पहिले कारण अनेकदा तपास सुरू होण्याआधीच छापलेले असते. दुसरे तर कारणच नव्हे, ते घडलेल्या गोष्टीचे वर्णन आहे. नियंत्रण सुटले हे कोणालाही दिसते. ते का सुटले, हे विचारायला हवे. लहान विमानांच्या प्रशिक्षणाशी आणि देखभालीशी आमचा रोजचा संबंध आहे. त्या ‘का’चे एक उत्तर बातम्यांत जवळपास कधीच येत नाही, म्हणून हे पत्र: त्या क्षणी वैमानिकाचे लक्ष दुसरीकडे होते, आणि बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक गोष्टीकडे होते.

‘लक्ष विचलित झाले’ म्हटले की आपल्याकडे त्याचा अर्थ ‘बेफिकीर होता’ असा लावला जातो. तो चुकीचा आहे. विमान उतरवणाऱ्याचे लक्ष बेफिकिरीपेक्षा कर्तव्यबुद्धीमुळेच जास्त वेळा जाते. रेडिओवर विचारणा झाली, उत्तर द्यायला हवे. दार नीट लागलेले दिसत नाही, लावून घ्यायला हवे. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर काही सांगतो आहे, ऐकायला हवे. यातले प्रत्येक काम रास्त असते, फक्त वेळ चुकीची असते. त्यामुळे ‘सावध राहा’ या सल्ल्याचा काही उपयोग होत नाही. कोणते काम कोणत्या उंचीखाली करायचेच नाही, हे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवावे लागते.

वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, जळगाव अशा ठिकाणी उड्डाण शिकत असतील. ती रोज काय करतात ते थोडे उलगडून सांगतो. सेस्ना १५२ हे दोन आसनांचे विमान घेऊ. जमिनीपासून हजार फुटांवर ते धावपट्टीला समांतर, पण उतरण्याच्या उलट दिशेने चाललेले असते. याला डाउनविंड म्हणतात. धावपट्टीचे उतरायचे टोक खांद्याच्या रेषेत आले, की कार्ब्युरेटर हीटची (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमू नये म्हणून गरम हवा देणारी) मूठ बाहेर ओढायची, थ्रॉटल (इंजिनाचा जोर) कमी करायचा, वेग ८५ नॉटच्या खाली आला याची खात्री करून फ्लॅपचा (पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्यांचा) पहिला टप्पा सोडायचा. तेच टोक तिरके मागे, ४५ अंशांवर दिसू लागले की काटकोनात वळायचे. हा झाला बेस. इथे फ्लॅपचा दुसरा टप्पा. मग आणखी एक काटकोनी वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यायचे. हा फायनल. इथे फ्लॅप पूर्ण आणि वेग ५५ ते ६५ नॉटच्या दरम्यान. मिनिटाला पाचशे फूट या हिशेबाने खाली येणारे विमान हे हजार फूट दोन मिनिटांत संपवते. त्या दोन मिनिटांत दोन वळणे, फ्लॅपचे टप्पे, प्रत्येक टप्प्यानंतर ट्रिम (हातावरचा भार हलका करणारी जुळणी), रेडिओवरचे संदेश, पुढे-मागे दुसरे विमान आहे का ते पाहणे, वाऱ्याचा अंदाज घेणे आणि डोळ्यांची ये-जा एकसारखी चालू ठेवणे: धावपट्टी, वेग, धावपट्टी, वेग. शिकाऊ वैमानिकाच्या डोक्यात त्या वेळी आणखी एखाद्या कामाला जागा उरलेली नसते.

आता यात चार सेकंद कमी करा. मोबाइलवर कोणाचा संदेश आला एवढे बघायला, किंवा पायाशी पडलेली पेन्सिल उचलायला चार सेकंद लागतात. ६५ नॉट म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटर. चार सेकंदांत विमान १३० मीटर पुढे गेलेले असते आणि तीस-पस्तीस फूट खाली आलेले असते. तेवढ्यावर निभावले तरी बरे. पण वाकणाऱ्या माणसाचा योकवरचा (विमानाच्या सुकाणूवरचा) हात स्थिर राहत नाही. अंग ज्या बाजूला वळते, त्या बाजूला हातही नकळत योक ओढतो. मान वर होते तेव्हा नाक थोडे वर गेलेले असते, एक पंख कललेला असतो आणि वेगाचा काटा ६५ वरून घसरत आलेला असतो. वैमानिकाच्या मनात मात्र चार सेकंदांपूर्वीचे चित्र असते: वेग ठीक, रेषा ठीक. पुढचा निर्णय तो त्या शिळ्या चित्रावर घेतो. पेन्सिल पडली असेल तर पडू द्यावी. ती खाली उतरल्यावर सापडतेच.

सगळ्यात निर्दय जागा बेसवरून फायनलवर वळण्याची. बेसवर वारा पाठीमागून येत असेल, तर विमान जमिनीच्या मानाने नेहमीपेक्षा जलद सरकते आणि वळण नेहमीपेक्षा लवकर सुरू करावे लागते. नेमक्या त्याच वेळी रेडिओवर विचारणा होते, किंवा ‘फायनलवर दुसरे विमान आहे का’ म्हणून मान उजवीकडे वळते. वळण दोन सेकंद उशिरा सुरू होते आणि धावपट्टीची मधली रेषा ओलांडली जाते. आता विद्यार्थ्याला रेषेवर परत यायचे असते, पण एवढ्या कमी उंचीवर पंख फार कलवू नये हेही त्याच्या मनावर बिंबवलेले असते. मग तो कल तेवढाच ठेवतो आणि आतल्या बाजूचा रडर (शेपटीचे सुकाणू) पायाने दाबून नाक वळवू पाहतो. रडरने नाक वळते तसे ते खालीही जाते, म्हणून योक मागे ओढला जातो. बाहेरचा पंख वेगाने फिरू लागल्याने कल वाढतो, तो रोखण्यासाठी आयलेरॉन (पंख कलवणाऱ्या पट्ट्या) उलट दिशेला जाते. पायाने एकीकडे, हाताने दुसरीकडे आणि योक मागे, अशी ही स्थिती झाली. तिच्यात आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरण्याची त्याची ताकद सुटते, आणि विमान त्या बाजूला उलटते. तिथून सावरायला जेवढी उंची लागते तेवढी फायनलच्या वळणावर नसते.

यामागचे गणित मुलांना आकड्यांसकट पाठ हवे. सेस्ना १५२ पूर्ण वजनात, फ्लॅप वर असताना, सरळ उड्डाणात साधारण ४० नॉटला स्टॉल होते. उंची राखत वळताना ३० अंश कल दिला की हा आकडा ४३ होतो, ४५ अंशांना ४८ आणि ६० अंशांना ५७. फायनलच्या वळणात ज्याच्या काट्यावर ६० नॉट आहेत, त्याची सरळ उड्डाणातली वीस नॉटची शिल्लक ६० अंशांच्या ओढून घेतलेल्या वळणात तीनवर येते. यावरचा उपाय अगदी साधा आहे आणि तो वेगळा शिकवावा लागतो. रेषा ओलांडली तर ओलांडू द्यायची. कल ३० अंशांच्या पुढे न्यायचा नाही, वळण तिरके जात नाही ना हे दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मध्ये ठेवायचा, आणि बेत बसत नसेल तर पूर्ण थ्रॉटल देऊन वर निघून जायचे. ‘रेषेवर परत आलेच पाहिजे’ हा हट्ट अपघात घडवतो.

मोबाइलचे एक उदाहरण तपास-अहवालात नोंदले गेले आहे. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वॉटकिन्सजवळ सेस्ना १५० जातीचे विमान रात्रीच्या अंधारात, ढग खाली आलेले असताना कोसळले आणि त्यातले दोघेही दगावले. तपासकांना अवशेषांत एक छोटा कॅमेरा मिळाला. अपघातग्रस्त उड्डाणाचे चित्रण त्यात नव्हते, पण आधीच्या छोट्या फेऱ्यांचे होते. त्यांत वैमानिक आणि त्याच्या सोबतचे प्रवासी मोबाइलवर स्वतःचे फोटो काढताना दिसत होते, तेही फ्लॅश लावून आणि विमान जमिनीच्या जवळ असताना. दिशाभ्रम होऊन नियंत्रण सुटले आणि विमान स्टॉल झाले, असे कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दिले. कमी उंचीवर मोबाइल वापरल्याने विचलित झालेले लक्ष हे त्याला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवले. रात्री फ्लॅश पडला की अंधाराला सरावलेले डोळे क्षणात पुन्हा दिपतात. त्यांना पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो. रात्री उतरताना धावपट्टीच्या दिव्यांची ठेवण पाहूनच उंचीचा अंदाज घेतला जातो, म्हणून आठवण करून दिली.

चाके आत ओढून घेणाऱ्या विमानांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपल्याकडे मल्टी-इंजिनचे प्रशिक्षण डायमंड डीए-४२, टेकनॅम पी-२००६टी, पायपर सेनेका अशा विमानांवर होते आणि या तिन्हींची चाके आत जातात. चाके न काढता पोटावर उतरलेल्या विमानांच्या बाबतीत लोक नेहमी विचारतात, ‘भोंगा वाजत नाही का?’ वाजतो. थ्रॉटल ठरावीक मर्यादेच्या खाली गेला, किंवा फ्लॅप पुरेसे खाली आले आणि चाके अजून आतच असली, की तो वाजू लागतो. पण वाजणे आणि ऐकू येणे या दोन गोष्टी आहेत. फ्रान्समधल्या टुलूझ येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ वैमानिक घेतले. सिम्युलेटरवर उतरताना धोक्याची घंटा वाजवायची, अशी ती चाचणी होती. ज्यांना उतरताना वाऱ्याच्या झटक्याशी झुंजावे लागले, त्यांच्यापैकी अकरा जणांनी घंटा ऐकल्याचे सांगितले नाही किंवा तिला योग्य प्रतिसाद दिला नाही. ज्यांचे उतरणे शांत होते, त्या सगळ्यांना ती ऐकू आली. घंटा तीच होती, कानही शाबूत होते. डोळे एका कामात पूर्ण गुंतले की मेंदू कानाकडून येणारी खबर दारातच थांबवतो. भोंग्यावर विसंबणाऱ्या वैमानिकाने हे ध्यानात ठेवावे. भोंगा ही शेवटची आशा असते, त्याला तपासणी समजू नये.

तपासणी आपली आपण करायची असते, तीही ठरलेल्या जागी. डाउनविंडवर एकदा पूर्ण तपासणी: ब्रेक, चाके, मिक्स्चर (इंधन आणि हवेचे प्रमाण), इंधन, उपकरणे, कार्ब्युरेटर हीट, दारे आणि पट्टे. बेसवर पुन्हा चाके. फायनलवर तिसऱ्यांदा चाके, आणि या वेळी बोट चाके खाली पक्की झाल्याचे दाखवणाऱ्या हिरव्या दिव्यांवर ठेवून मोठ्याने ‘तीन हिरवे’ म्हणायचे. नुसते ‘चाके खाली’ म्हणणाऱ्याची जीभ सवयीने चालते, डोळे दिव्यांकडे जातीलच असे नाही. बोट ठेवले की बघावेच लागते. आणि मधेच कोणी बोलले, रेडिओ वाजला, तपासणी तुटली, तर ती जिथे तुटली तिथून पुढे न्यायची नाही. पहिल्यापासून सुरू करायची. ‘मी मिक्स्चरपर्यंत आलो होतो’ ही आठवण फसवी असते, कारण कालच्या आणि परवाच्या उड्डाणातही आपण मिक्स्चरपर्यंत आलेलोच असतो.

चुकीच्या दांड्याला हात जाणे हा याच दुखण्याचा दुसरा प्रकार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाची बी-१७ बॉम्बर विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर धावत असतानाच त्यांची चाके आत जात. वैमानिकाला फ्लॅप वर घ्यायचे असत, हात चाकांच्या स्विचला लागे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले तेव्हा दोन्ही स्विच सारख्याच आकाराचे आणि शेजारी-शेजारी होते. त्याने चाकांच्या स्विचला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखी मूठ बसवायला सांगितली. आजही विमानांत त्या मुठी तशाच असतात, हाताला स्पर्शाने कळाव्यात म्हणून. तरीही १९८० मध्ये अमेरिकी तपास मंडळाला बीचक्राफ्टच्या बोनान्झा आणि बॅरन या लहान विमानांतल्या याच चुकीवर स्वतंत्र अहवाल काढावा लागला. तिथे चाकांच्या आणि फ्लॅपच्या स्विचच्या जागा इतर विमानांच्या तुलनेत उलट होत्या.

विमानाची रचना आपल्या हातात नाही, पण वेळ आपल्या हातात आहे. विमान टेकले म्हणजे उतरणे संपले, असे मनाला वाटते आणि तिथेच लक्ष सैल होते. दिवे बंद कर, फ्लॅप घे, रेडिओ बदल, असे सगळे धावपट्टीवर धावतानाच सुरू होते. आमचे सांगणे असे, की धावपट्टी सोडून, थांबण्याची रेषा पूर्ण ओलांडून, विमान उभे राहीपर्यंत कोणत्याही दांड्याला हात लावू नये. उशीर झाला तर अर्ध्या मिनिटाचा होईल. यात टच-अँड-गोचा (टेकून न थांबता पुन्हा उडण्याचा) अपवाद करावा लागतो, कारण तिथे धावता-धावताच फ्लॅप घ्यावे लागतात. म्हणूनच चाके आत जाणाऱ्या विमानात शिकाऊ माणसाकडून टच-अँड-गो करून घेऊ नये. पूर्ण थांबून, परत जाऊन पुन्हा उडावे.

सेस्ना १५२ मध्ये चाके पक्की असतात, पण तिथेही एक सापळा आहे. कार्ब्युरेटर हीटची मूठ, थ्रॉटल आणि मिक्स्चरची लाल मूठ एकाच पट्टीत जवळजवळ असतात आणि तिन्ही ओढायच्या-ढकलायच्या असतात. नजर दुसरीकडे ठेवून कार्ब्युरेटर हीट ओढायला गेलेला हात मिक्स्चर ओढतो आणि इंजिन गप्प होते. मूठ ओढण्याआधी तिच्याकडे बघणे आणि तिचे नाव मोठ्याने घेणे, याला एक सेकंद लागतो.

पायपर चेरोकीच्या कुटुंबातल्या बहुतेक विमानांना प्रवाशांसाठी एकच दार, उजवीकडे, आणि त्याला दोन कड्या: एक बाजूला, एक वर. वरची कडी राहून गेली तर उड्डाण घेताच मोठा आवाज होतो, दाराची वरची कड काही सेंटिमीटर उघडते आणि वारा घोंघावू लागतो. विमानाला यातून बहुतेक वेळा काहीच होत नाही. ते उडत राहते, थोडे जास्त थरथरते एवढेच. धोका त्यापुढे असतो. वैमानिक एका हाताने विमान धरून दुसऱ्या हाताने दार ओढू लागतो, किंवा घाबरून पूर्ण सर्किट (डाउनविंड, बेस, फायनल ही फेरी) न करता घाईने वळतो आणि वेगाकडे बघायचे विसरतो. करायचे ते असे: दाराला हात लावायचा नाही, नेहमीचे सर्किट, नेहमीची तपासणी, विमानाच्या पुस्तकात दिलेला वेग, नेहमीसारखे उतरणे, आणि दार जमिनीवर लावायचे. हे प्रवाशालाही उड्डाणाआधी सांगून ठेवावे, नाहीतर तोच ओरडून अर्धे लक्ष खेचून घेतो. चेरोकीतच इंधनाच्या टाकीचा खटका डाव्या बाजूला खाली, गुडघ्याजवळ असतो आणि त्याला ‘दोन्ही टाक्या’ अशी जागाच नसते. टाकी बदलायची तर सर्किटमध्ये शिरण्याआधी बदलावी. हजार फुटांखाली मान खाली घालून खटका शोधायचा प्रसंगच येऊ देऊ नये.

धावपट्टीवर आदळून उसळलेल्या विमानाकडे जरा जवळून पाहू. वेग पाच-सात नॉट जास्त राहिला, कारण फायनलवर लक्ष कॅमेऱ्याकडे, किंवा ‘लवकर उतरा, मागे विमान आहे’ या सूचनेकडे होते. विमान टेकते आणि उसळते. घाबरून योक पुढे ढकलला जातो. आता मुख्य चाकांऐवजी नाकाचे चाक आधी आदळते आणि नाक पुन्हा वर फेकले जाते. वैमानिक ओढतो, मग ढकलतो, पण त्याचा हात उसळीच्या अर्धा ताल मागे असतो. प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होते. तिसऱ्या-चौथ्या उसळीला नाकाच्या चाकाचा पाय मोडतो आणि प्रोपेलर जमिनीला लागतो. बातमीत हे ‘किरकोळ अपघात, वैमानिक सुखरूप’ म्हणून येते. देखभाल करणाऱ्यांसाठी ते किरकोळ नसते. फिरता प्रोपेलर जमिनीला लागला की तो झटका क्रँकशाफ्टमधून मागच्या गिअरपर्यंत जातो. तो गिअर धरणारा बोल्ट आणि खिट्टी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून इंजिन उघडून पाहावेच लागते. पाती बाहेरून सरळ दिसली आणि इंजिन सुरू झाले तरीही. ‘थोडेसेच घासले आहे’ म्हणून असे विमान पुन्हा उडवू देऊ नये.

पहिल्या उसळीनंतर योग्य काम एकच असते, आणि अर्धवट झालेल्या प्रत्येक लँडिंगवरही तेच औषध आहे: गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. सेस्ना १५२ मध्ये त्याचा क्रम असा. थ्रॉटल पूर्ण, कार्ब्युरेटर हीट आत, फ्लॅप २० अंशांवर, वेग ५५ नॉट, आणि विमान चढू लागल्यावर उरलेले फ्लॅप हळूहळू. रेडिओवर सांगणे सगळ्यात शेवटी. विद्यार्थी नेमके उलट करतात. आधी बटण दाबून ‘गोइंग अराउंड’ म्हणतात आणि तोवर फ्लॅप पूर्ण खालीच असतात. बोलला नाहीत म्हणून विमान पडत नाही.

गो-अराउंडविषयी अनेक ठिकाणी एक अघोषित लाज असते. एकट्याने उडणाऱ्या मुलाला वाटते, की फेरी वाया गेली, वेळ गेला, खाली सगळे बघत आहेत. उड्डाणाचा तास हजारो रुपयांचा असतो, ही जाणीवही खांद्यावर असते. प्रशिक्षण संस्थांनी विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात गो-अराउंडचा रकाना ठेवावा आणि तो रिकामा असणाऱ्या विद्यार्थ्याला बोलावून विचारावे. एकट्याने उडू देण्याआधी त्याने स्वतःच्या निर्णयाने, न सांगता, गो-अराउंड केलेला पाहिलेला असावा. आपल्या उन्हाळ्यात याला आणखी महत्त्व येते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. तिथे पारा ४४ अंशांवर असताना विमानाच्या दृष्टीने हवा साधारण ४,७०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. इंजिन तेवढे जोर देत नाही, चढाई मंदावते, आणि पूर्ण फ्लॅप खाली राहिले तर विमान चढतच नाही असे वाटते. तिथे फ्लॅप विसरणे परवडत नाही.

मोठ्या विमानांच्या जगाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीला उतरणाऱ्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यामागे लागले, ऑटोपायलटचे उंची धरून ठेवणे कधी सुटले ते कोणाला कळले नाही, आणि विमान अंधारात दलदलीत उतरत गेले. शंभराहून अधिक माणसे गेली. गेलेला होता तो फक्त बल्ब. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमान कंपन्यांसाठी नियम केला, की दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये उड्डाणाच्या कामाशी संबंध नसलेले बोलणे किंवा काम चालणार नाही. हा नियम विमान कंपन्यांसाठी आहे. प्रशिक्षणाची विमाने मुळातच दहा हजार फुटांखाली उडतात, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण प्रत्येक संस्थेला स्वतःची रेषा आखता येते. आमच्या मते ती सर्किटमध्ये शिरण्याच्या जागी असावी. तिथून विमान थांबेपर्यंत फक्त विमान.

या रेषेच्या आत इन्स्ट्रक्टरनेही बोलणे आवरावे. फायनलवर विद्यार्थ्याला मागच्या फेरीतली चूक समजावून सांगणारा इन्स्ट्रक्टर चालू फेरीत नवी चूक घडवत असतो. ‘वेग’, ‘रेषा’, ‘गो-अराउंड’ एवढे शब्द तिथे पुरतात, बाकीचे फळ्यापाशी. संस्थेच्या कार्यालयातून ‘किती वेळ लागेल, पुढचा विद्यार्थी थांबला आहे’ अशी रेडिओवर होणारी विचारणा सर्किटमधल्या विमानाला करूच नये. विद्यार्थ्यालाही एक शब्द वापरायची मोकळीक हवी: ‘स्टँडबाय’. वळणात असताना कोणी विचारले तर हा एक शब्द, किंवा तोही नाही. आधी विमान सांभाळायचे, मग दिशा, मग बोलणे.

पण नुसती शांतता शिकवून भागत नाही. परवाना मिळाल्यावर शांतता मिळणार नाही, धावपट्टीवर कुत्रे येईल, मागचा प्रवासी ओकेल. म्हणून लक्ष खेचले जात असताना विमान सांभाळायचा सराव मुद्दाम करून घ्यावा लागतो. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या स्टॉल आणि स्पिनविषयीच्या (स्टॉल होऊन गिरक्या घेत खाली येण्याविषयीच्या) परिपत्रकात हे इन्स्ट्रक्टरचे काम म्हणून सांगितले आहे. जमिनीपासून तीन हजार फुटांवर विद्यार्थ्याला कमी वेगात, फ्लॅप खाली ठेवून उडवायला लावावे, आणि मग पेन्सिल टाकून ‘उचल’ म्हणावे. मागच्या आसनावरचा नकाशा मागावा. बाहेरचे तापमान वाचायला सांगावे. पुरेल का म्हणून इंधनाचा हिशेब करायला लावावा. वेगाचा काटा किती घसरला आणि किती सेकंदांनी त्याच्या लक्षात आले, हे इन्स्ट्रक्टरने टिपून ठेवावे. पहिल्या दिवशी बहुतेक जण पेन्सिल उचलतात. काही तासांनी ते ‘नंतर’ म्हणू लागतात, आणि तो शब्द आला की त्याला सर्किटमध्ये न्यायला हरकत नाही.

पालकांना एक कळकळीची विनंती. मुलाच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाचा आनंद आम्हाला कळतो. पण त्याच्याकडून कॉकपिटमधला व्हिडिओ मागू नका. कॅमेरा लावायचाच असेल तर तो उड्डाणाआधी इन्स्ट्रक्टरने पक्का बसवलेला असावा आणि विद्यार्थ्याने त्याला हात लावू नये. उड्डाणाच्या वेळेत फोन करू नका, ‘उतरलास का?’ असा संदेश पाठवू नका. मुलांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकून हात पोहोचणार नाही अशा जागी, मागच्या पिशवीत ठेवावा. मांडीवरचा किंवा खिशातला फोन थरथरला की मन तिकडे जातेच, हात गेला नाही तरी.

आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती. आपल्याकडे २०१२ पासून विमान अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र ब्युरो आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो, आणि अंतिम अहवाल सार्वजनिक होतात. तोवर बातमी शिळी झालेली असते आणि तिकडे कोणी फिरकत नाही. अपघाताच्या दिवशी ‘कारण अद्याप स्पष्ट नाही’ एवढेच लिहावे. अहवाल येईल तेव्हा त्यातले ‘संभाव्य कारण’ आणि ‘हातभार लावणारी कारणे’ ही दोन कलमे, छोट्या चौकटीत का होईना, छापावीत. त्यांचे सोप्या मराठीत भाषांतर करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
लहान विमानांच्या प्रशिक्षण आणि देखभाल क्षेत्रात काम करणारे काही जण
नागपूर